घट

रजिस्टरात तो चौदा नंबर होता.
पाठीवर पिक्रिक ॲसिडची पिवळी खूण,
म्हणून घरी आल्यावर माय त्याला पिवळ्या म्हणायला लागली.
चोपड्याच्या कॉलेजातलं प्राणिगृह बंद झालं,
पिंजरे भंगारात गेले, आणि
"हा एक गिनीपिग उरलाय, भटूभाऊ, बघा काय करता,"
म्हणून सर शिरपूरला निघून गेले.

एकोणीस वर्षं मी हेच केलं होतं.
एक तळवा छातीखाली, एक मागच्या पायांखाली,
सुई दुसऱ्याची, धरणारे हात माझे.
पोरं म्हणायची, भाऊंच्या हातात प्राणी हलत नाही.

चैत्रात त्याने गवत टाकलं.
मग मेथी. मग काकडीसुद्धा
तोंडात घेऊन तशीच खाली सोडली.

डॉ. पावरा बैलांचे डॉक्टर.
स्वतःच्या दातांत टॉर्च धरून त्यांनी त्याचे दात पाहिले.
दाढा जिभेवर वाकल्यात, मुळाशी पू आहे.
घासून देतो, पण खोटं नाही बोलणार,
माझ्याकडे औषध आहे ते म्हशीचं,
याला त्यातलं किती, ते मलाही वाचावं लागेल.
रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला:
"एक थेंब. पाण्यातून."

दर शनिवारी विसपुत्यांच्या दुकानात जायचो.
ग्रॅमचा खरा काटा आळीत तोच.
ताटलीवर लाल मखमल, मखमलीवर पिवळ्या,
डोरलं निवडणाऱ्या बायका हात थांबवून बघायच्या.
"एक्क्याण्णव तोळे!" विसपुते हसले पहिल्यांदा.
मग चौऱ्याऐंशी.
त्र्याहत्तरला हसले नाहीत. चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"घट फार येतेय हो."
सोन्याची घट कुठे जाते ते त्यांना ठाऊक,
दुकानाचा केरही ते झारेकऱ्याला विकतात.

मे महिना. पंचेचाळीस डिग्री.
कूलरपुढे ओलं गोणपाट, गोणपाटावर तो.
दर तीन तासांनी
मिक्सरमधून काढलेलं वाळलं गवत, शेवग्याचा पाला,
बरणीतल्या आवळ्याचं पाणी.
सिरिंज कॉलेजचीच, सुई काढलेली.
गालाच्या कडेने थोडं, गिळेपर्यंत थांबायचं, पुन्हा थोडं.
दुपारी लाईट गेली की पुठ्ठ्याने वारा.
माय उंबऱ्यात बसून म्हणाली,
"मन्हा आजारपनमा बी इतलं कोनी कयं नई."
मी काही बोललो नाही, खरंच होतं ते.
पुढच्या वेळचा पाला तिनेच वाटला.

तो हातात हलत नव्हता.
पोरांनी कौतुक केलं असतं.

पहाटे चारला घास ओठावरच राहिला.
मी थांबलो, गिळेल म्हणून.
बराच वेळ थांबलो.
बाहेर कुणाच्या तरी लग्नाचा ट्रॅक्टर वऱ्हाड सोडून परतत होता,
त्याचा दिवा भिंतीवरून सरकला,
पिवळ्याच्या उघड्या डोळ्यातून सरकला.

केळीच्या पानात गुंडाळून शेवग्याखाली पुरलं.
मायने वरून मूठभर मीठ टाकलं, मग अजून मूठभर.

कॉलेजच्या रजिस्टरात एक रकाना असायचा: मृत्यूचे कारण.
मी उभ्या-उभ्या भरायचो. "प्रयोग." खाली तेच, तेच, दोन टिंबं.
दुधाच्या कॅलेंडरवर त्याची वजनं लिहिलीत,
त्या शेवटच्या चौकोनावर पेन ठेवलं,
शाईचा ठिपका पडला, तेवढाच आहे.

बाजारात जुलेखाबी अजून कोथिंबिरीच्या काड्या बाजूला काढते.
"तुमच्या उंदरासाठी," म्हणते, पैसे घेत नाही.
तिला सांगायचं राहूनच जातंय.
परवा स्वयंपाकघरात पिशवी ओट्यावर ठेवली,
प्लास्टिक कुरकुरलं.
एवढ्या आवाजावर तो शीळ घालायचा,
शेजारच्या पोरी खिडकीतून त्याची नक्कल करायच्या.
माय लसूण सोलता सोलता थांबली.
"तुले बी ऐकाले उनं का?"

मी कूलर बंद केला.
दोघं ऐकत राहिलो थोडा वेळ.
मग काड्या धुतल्या, बारीक चिरल्या,
आणि वरणात टाकल्या.